लेक हॉटेलचं शिकायचं म्हणते तेव्हा

"आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या घरची उष्टी काढली. आता पोरीनंही तेच करायचं? मग पोटाला चिमटा काढून तिला बारावीपर्यंत शिकवलं कशाला?"

मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधल्या एका पालकसभेत एका आईनं मला हे विचारलं, आणि मागे बसलेल्या दोघीतिघींनी लगेच माना डोलावल्या. मुलीनं घरी सांगून टाकलं होतं, मला कम्युनिटी कॉलेजात पर्यटन आणि हॉटेलच्या कोर्सला जायचंय. फी किती, कोर्स किती वर्षांचा, नोकरी लागते का, हे सगळं त्या आईला विचारायचं होतंच. पण त्याआधी हे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवते आहे, त्याआधी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला उभी राहिले आहे, आणि आपल्या वस्तीतल्या आईबापांच्या मनातला खरा अडसर मी ओळखते. तो हाच असतो. म्हणून बाकीचं सगळं जरा बाजूला ठेवू आणि आधी याच्यावर बोलू.

ताई, तुम्ही चेंबूरला जाता, वाशीला जाता, अणुशक्तीनगरला जाता. भांडी, लादी, कपडे, कुणाच्या म्हाताऱ्या आईला बघणं. वीस वर्षं काम केलं तरी विसाव्या वर्षी तेच काम, त्याच दारात. पगार वाढायचा तो मॅडमच्या मर्जीनं. ताप आला तर खाडा. नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ नाही, हक्काची रजा नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तरी महिन्याच्या महिन्याला पगाराची पावती तुमच्यापैकी किती जणींच्या हातात पडते ते तुम्हालाच ठाऊक. माझ्या मते तुम्हाला कळ येते ती लादी पुसण्याची नाही. इतकं करूनही कुणी त्याला काम म्हटलं नाही आणि वर चढायला पायरीच नव्हती, याची ती कळ आहे.

हॉटेलात तुमच्या मुलीलाही सुरुवातीला चादर घालावी लागेल, टेबल पुसावं लागेल, कांदे चिरावे लागतील. हे मी लपवणार नाही, आणि जे कॉलेज हे तुमच्यापासून लपवतं त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तिथे चादर घालणारीच्या वर सुपरवायझर असते, तिच्या वर असिस्टंट हाउसकीपर, आणि सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. तिच्या हाताखाली शंभरेक माणसं असू शकतात. कापडाची खरेदी, लॉन्ड्रीचा हिशेब, सगळं तिच्या सहीनं चालतं. बहुतेक सगळ्या एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर कधी ना कधी स्वतः चादरी घालून आलेल्या असतात. किचनमध्येही तसंच. कॉमी, म्हणजे सगळ्यात खालचा स्वयंपाकी म्हणून लागलेला पोरगा कांदे सोलतो, मग एका सेक्शनचा प्रमुख होतो, मग सू शेफ, म्हणजे मुख्य शेफचा उजवा हात. त्याला ते पद कुणाची मर्जी राखून मिळत नाही, हातात कसब आणि कागदावर शिक्षण असेल तर मिळतं. शिक्षण लागतं ते इथे.

त्या कसबाचं एक उदाहरण सांगते, म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येईल. वर्गात एक पलंग असतो. पहिल्या दिवशी मुलं हसतात, यात काय शिकायचं? मग आम्ही दाखवतो. चादर एकदाच झटकायची आणि तिची मधली घडी पलंगाच्या बरोबर मध्यावर पडली पाहिजे. पायाकडचा भाग गादीखाली सरळ खोचायचा. कोपऱ्याला चादरीची बाजू उचलून गादीवर ठेवायची, खाली लोंबणारा तुकडा आत सारायचा, मग उचललेली बाजू खाली सोडून पुन्हा खोचायची. कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांची तिरकी घडी उमटते, पाकिटाच्या पाठीवर असते तशी. ही घडी रात्रभर माणूस तळमळला तरी निघत नाही. इस्पितळातल्या जुन्या सिस्टरांनाही ती येते. हे करताना पलंगाभोवती किती फेऱ्या मारायच्या, कमरेतून वाकायचं की गुडघ्यातून, हेही शिकवलं जातं. दिवसाला बारा-चौदा खोल्या कराव्या लागल्या तर कंबर टिकली पाहिजे ना! तुम्ही इतकी वर्षं वाकून कामं केलीत, तुमच्या कमरेचा विचार कुणी केला नाही. मुलीला तो करायला शिकवतात.

किचनच्या वर्गात गाजर कापायचं असतं. ज्युलियन म्हणजे काडीपेटीच्या काडीसारखे लांब तुकडे, जाडी साधारण तीन मिलिमीटर. त्याच काड्या आडव्या कापल्या की ब्रुन्वाज, तीन मिलिमीटरचे चौकोनी दाणे. आणि शिजवलेलं अन्न पाच ते साठ अंश तापमानाच्या मध्ये फार वेळ राहू द्यायचं नाही, कारण जंतू तिथेच वाढतात. म्हणजे गरम ते गरम, थंड ते थंड. ही माहिती घरात आली तर उन्हाळ्यातल्या आपल्या डाळभातालाही तिचा उपयोग आहे.

ज्युलियन, ब्रुन्वाज अशा शब्दांमुळे आणखी एक गोष्ट घडते, ती मी फार वेळा पाहिली आहे. "आमचा मुलगा महापालिकेच्या शाळेतला, मराठी मीडियमचा, त्याला इंग्रजी कुठे झेपणार?" असं तुम्ही म्हणता. किचनमधले निम्मे शब्द फ्रेंच असतात. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलीलाही ते पहिल्या दिवशी तितकेच परके. सगळे एकाच रेषेवरून पळायला सुरुवात करतात. फ्रंट ऑफिसला मात्र इंग्रजी लागतं, चांगलं लागतं, पण तिथेही रोजची वाक्यं ठरलेली असतात, आणि बोलून बोलून ती सहा-आठ महिन्यांत जिभेवर बसतात. व्याकरणापेक्षा भीड मोडावी लागते. घरी मूल आरशासमोर उभं राहून इंग्रजी पुटपुटत असेल तर कृपा करून भावंडांना हसू देऊ नका.

आता कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते सांगते. नावावरून कुणाला वाटतं हे एखाद्या जातीचं किंवा धर्माचं कॉलेज. तसं नाही. आसपासच्या लोकांना, परवडेल अशा खर्चात, हाताला काम मिळेल असं शिक्षण देणारं कॉलेज, एवढाच अर्थ. अमेरिकेत या धर्तीचं पहिलं सार्वजनिक कॉलेज १९०१ साली जोलिएट गावात निघालं. तिकडच्या अशा कॉलेजांत वर्षभर शिकायला अमेरिकी परराष्ट्र खात्यानं शिष्यवृत्तीवर नेलेल्या तरुणांत भारतातलीही मुलं होती, आणि पर्यटन-आतिथ्य हा त्यातला एक विषय. आपल्याकडे १९९५ मध्ये पुदुच्चेरी विद्यापीठानं सुरुवात केली, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभरातल्या कॉलेजांना अशा अभ्यासक्रमांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली.

त्या योजनेतली एक गोष्ट तुमच्या फार कामाची आहे. एक वर्ष पूर्ण केलं तर डिप्लोमा. दोन वर्षं केली तर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. तिसरं वर्ष बी.व्होक. या व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जाऊन पूर्ण केलं तर पदवी. म्हणजे घरात आजारपण आलं, बापाचं काम गेलं आणि मुलीला वर्षभरानं शिक्षण सोडावं लागलं, तरी ती रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. आपल्याकडे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेली मुलं घरोघर आहेत. त्यांच्या हातात बारावीच्या मार्कशीटशिवाय काही उरलेलं नाही. त्या योजनेत दर वर्षाला साठ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, ठरवले होते, त्यातले छत्तीस कामाच्या कौशल्याचे आणि चोवीस भाषा, संगणक, हिशेब अशा सर्वसाधारण विषयांचे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे क्रेडिट मुलीच्या नावानं क्रेडिटच्याच एका बँकेत जमा राहतात, पुन्हा शिकायला आलं तर तिथून पुढे. मोलमजुरी करणाऱ्या घरासाठी यापेक्षा समजूतदार रचना मी तरी पाहिलेली नाही.

आपण राहतो त्या भागाच्या नाकासमोर देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, १९५४ पासून. २०११ मध्ये या संस्थेनं व्यवसाय शिक्षणासाठी वेगळं स्कूल काढलं, काही तास वर्गात आणि बाकीचे तास प्रत्यक्ष कामावर अशा पद्धतीचं. तिची भिंत रोज बसमधून पाहणाऱ्या आपल्यापैकी कितीजण आत गेलेत? जा. गेटवर विचारा, चालू वर्षी कुठले अभ्यासक्रम आहेत ते. विचारायला पैसे पडत नाहीत.

कॉलेज जमलं नाही तर इतरही दारं आहेत. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनसारखे, हाउसकीपिंगसारखे ट्रेड आहेत. तंत्रशिक्षण मंडळाचा हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा आहे. केंद्राच्या पर्यटन खात्याची 'हुनर से रोजगार तक' ही योजना २००९-१० पासूनची, त्यात काही आठवड्यांचं फुकट प्रशिक्षण मिळतं आणि आठवी पास मुलांनाही घेतात. आणि दादरला वीर सावरकर मार्गावर इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे, ज्याला सगळे नुसतं दादर केटरिंग म्हणतात. तिथल्या पदवीला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा असते, पण दहावीनंतरचे लहान क्राफ्ट कोर्सही असतात.

दादर केटरिंगविषयी आयांना एक मुद्दाम सांगावंसं वाटतं. अन्नटंचाईच्या त्या दिवसांत, १९५४ साली, लीलावती मुन्शी आणि त्यांच्या महिला अन्न परिषदेनं अंधेरीच्या भवन्स कॉलेजच्या आवारात हे कॉलेज सुरू केलं. या विषयातलं देशातलं ते पहिलं. म्हणजे भारतात हॉटेलचं शिक्षण बायकांनी सुरू केलं. आणि आज आपण विचारतो, मुलीनं या लाइनला जावं का?

मुलींचं म्हणाल तर तुमची काळजी खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांचं ऐकू नका. रात्रपाळी असते. हॉटेलात अनोळखी माणसं येतात. पण काही गोष्टी तुम्हाला पाठ असायला हव्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती दिली तर सुरक्षेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत सोडणारं वाहन मालकानं द्यायचं. दारापर्यंत, म्हणजे मानखुर्द स्टेशनपर्यंत किंवा घाटकोपर लिंक रोडच्या कोपऱ्यापर्यंत नव्हे. दुसरं, २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. प्रशिक्षणार्थी मुलगीही तिथे तक्रार करू शकते. मुलीला ट्रेनिंगला पाठवण्याआधी तिला एवढंच सांगा, की काही झालं तर पहिल्यांदा घरी सांग, आम्ही तुला दोष देणार नाही. कायदा कागदावर असतो. तिला तो वापरायचं बळ घरातून मिळतं.

दारू आणि मांसाचा प्रश्न निघतोच. आपल्याकडे वारकरी घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, माळकरी आजी आहे, नमाजी अब्बा आहेत. मोठ्या हॉटेलात दारू वाढली जाते, हे खरं. अभ्यासक्रमात तिची माहितीही असते. पण हॉटेल म्हणजे केवळ बार नव्हे. हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस, बेकरी, लॉन्ड्री, हिशेब, बुकिंग, अशी कितीतरी खाती आहेत जिथे बाटलीला हात लावावा लागत नाही. प्रवेश घेतानाच शिक्षकांशी स्पष्ट बोला. मांसाला हात न लावता बेकरीत नाव काढलेली मुलं मी पाहिली आहेत. नंतर लपवालपवी करण्यापेक्षा आधी मोकळं बोललेलं बरं. मुलाच्या मनावर ओझं राहत नाही.

आणि पत्ता. याविषयी मला बोलायचंच आहे. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात आपला एम-पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता. डंपिंग ग्राउंड, कत्तलखाना, पुनर्वसनाच्या इमारती, यांच्यापलीकडे बाहेरच्या माणसाला आपण दिसत नाही. मुलं मुलाखतीला जाताना गोवंडी, मानखुर्द, मंडाळा सांगायला कचरतात, चेंबूर सांगतात. त्यांना तसं करायला तुम्ही शिकवू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आणि याला आधार आहे. हार्वर्डच्या रोहित देशपांडे यांनी अंजली रैना यांच्यासोबत २०११ च्या डिसेंबरमध्ये ताज हॉटेलच्या कर्मचाऱ्यांवर एक लेख लिहिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी हल्ल्यात जीव धोक्यात घालून ही माणसं पाहुण्यांपाशी थांबली, पळून गेली नाहीत. ती असं का वागली, हे लेखकांना शोधायचं होतं. त्यात आढळलं की पाहुण्यांशी थेट संबंध येणाऱ्या कामांसाठी ताज महानगरांपेक्षा लहान गावांतली मुलं निवडायचं, आणि निवडताना तीन गोष्टी बघायचं: मूल मोठ्यांचा आदर करतं का, अडचणीतही त्याचा चेहरा हसरा असतो का, आणि त्याच्या घराला या पगाराची गरज किती आहे. मग त्या मुलांना दीड वर्ष शिकवायचं, जिथे इतर हॉटेलं वर्षभरात आटोपतात. घरची गरज ही लाज वाटण्याची बाब आहे असं आपण धरून चालतो. १९०३ पासून अपोलो बंदरवर उभ्या असलेल्या हॉटेलात ती गुण म्हणून मोजली गेली.

सगळं गोडच आहे असं नाही. सणावाराला सुट्टी मिळणार नाही. गणपतीत, दिवाळीत, थर्टी फर्स्टला हॉटेलं भरलेली असतात. तुमच्या घरची पूजा त्याच दिवशी असेल आणि मूल कामावर असेल. ट्रेनिंगच्या काळातलं विद्यावेतन इतकं थोडं असतं की कधी कधी लोकलचा पास आणि चहापाणी यातच संपतं. सुरुवातीचा पगारही फार नसतो. डिलिव्हरीला जाणारा शेजारचा पोरगा पहिल्या वर्षी जास्त कमावतो आणि घरात त्याची उदाहरणं दिली जातात. ब्रेक शिफ्ट नावाचा प्रकार असतो: सकाळी चार-पाच तास काम, मग दुपारी मोकळं, मग संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळात मानखुर्दला येऊन परत जाणं जमत नाही, मुलं स्टाफ लॉकरजवळ कुठेतरी आडवी होतात. तासन्‌तास उभं राहून पाय सुजतात. आणि कोरोनाचं २०२० साल आपण विसरलेलो नाही. हॉटेलं बंद झाली, विमानं थांबली, माझे कितीतरी विद्यार्थी गावी गेले, काहींनी भाजी विकली. हा धंदा जगाच्या तब्येतीवर चालतो. म्हणूनच मी प्रत्येक मुलाला सांगते, एकाच खात्यात अडकू नका. ज्याला स्वयंपाकही येतो आणि हिशेबही येतो, तो अशा वेळी तग धरतो. त्या काळात घरगुती डबे आणि बेकरी सुरू केलेल्या माझ्या मुलींपैकी काही आज पुन्हा नोकरीला जायला तयार नाहीत, त्यांचं बरं चाललं आहे.

ज्या मुलाला किचन नको, चादरी नको, त्याच्यासाठी पर्यटनाची बाजू आहे, आणि तिथे तर आपल्या मराठीचंच भांडवल होतं. केसरी १९८४ सालची कंपनी, वीणा वर्ल्ड २०१३ ची. यांच्या सहलींना मराठी कुटुंबंच्या कुटुंबं जातात. काश्मीरला आजीबाईंना उकड्या तांदळाची आठवण आली तर त्यांच्याशी मराठीत बोलणारा, गोळ्यांची वेळ लक्षात ठेवणारा, विमानतळावर हरवलेली बॅग शोधणारा टूर मॅनेजर लागतो. २०२५ च्या जुलैमध्ये शिवाजी महाराजांच्या काळाशी जोडलेल्या बारा किल्ल्यांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. मुंबईजवळच घारापुरी आहे, मुंबईत सीएसएमटी आहे, ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती आहेत. या सगळ्यांची गोष्ट नीट अभ्यास करून सांगणारी मुलं लागणार आहेत. इतिहासात रमणारं, गडावर जायला धावणारं मूल घरात असेल तर त्याला कॉमर्सला ढकलण्याआधी थोडं थांबा.

१९९२ पर्यंत हार्बरची गाडी मानखुर्दला संपायची, पुढे खाडी. आता त्याच खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याच्याभोवती हॉटेलं, फूड कोर्ट, केटरिंगची मोठी स्वयंपाकघरं उभी राहतील. बोरिवली-अंधेरीच्या मुलांना तिथे पोचायला जितका वेळ लागेल, त्यापेक्षा आपल्या मुलांना कितीतरी कमी. इतक्या वर्षांत मानखुर्दचा पत्ता पहिल्यांदाच सोयीचा ठरणार आहे. ती कामं तयार मुलांना मिळतील, आणि तयारीला एक-दोन वर्षं लागतात.

जिथे मागणी असते तिथे ठकही येतात, म्हणून हे नीट वाचा. एका खोलीत भरणारे, 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेले क्लासेस आपल्या आसपास आहेत. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचारा: प्रमाणपत्र कोण देणार? विद्यापीठ, राज्याचं मंडळ, की हा क्लासच? क्लासच देणार असेल तर उठून या. फीची छापील पावती घ्या. कॉलेजचं ट्रेनिंग किचन प्रत्यक्ष बघा. गॅस, ओव्हन, फ्रीज चालू आहे की नुसता शोभेला, ते तुमच्या नजरेला लगेच कळेल. मागच्या वर्षीच्या दोन मुलांशी बोला. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधी काढून ठेवा, महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचे शिष्यवृत्तीचे अर्ज दाखल्यावाचून अडतात.

क्रूझवर आणि आखातात पाठवतो म्हणणारे एजंट तर लाखालाखाच्या गोष्टी करतात. जहाजावर नोकरीला लावणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना, म्हणजे आरपीएसएल, असावाच लागतो, आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. आखातासाठी एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला हवा. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याचं नाव शोधता येतं, आणि त्याला तीस हजार रुपये व त्यावरचा कर यापेक्षा जास्त घेता येत नाही. दागिने मोडून, व्याजानं पैसे काढून एजंटला दिलेले आईबाप मी रडताना पाहिले आहेत. मुलाला टुरिस्ट व्हिसावर जा म्हणणाऱ्याला तर दारातही उभं करू नका.

आणि ज्या मुलाला हे नको आहे, त्याला 'लगेच कामाला लागेल' म्हणून इथे पाठवू नका. हे मी माझ्या विषयाची बाजू घेऊन बोलत असतानाच सांगते आहे. माणसांचा कंटाळा असलेलं, एकटं बसून काही जुळवण्यात रमणारं मूल इथे रोज कोमेजतं. त्याला वायरमनचं, कॉम्प्युटरचं, दुसरं काही बघा. उलट घरी पाहुणे आले की जी मुलगी न सांगता पाणी आणते, आजोबांच्या ताटात काय संपलं याकडे जिचं लक्ष असतं, चाळीतल्या प्रत्येकाशी जिचं बोलणं आहे, तिला हे काम शिकवायला आम्हाला निम्मी मेहनत पडते.

त्या पालकसभेतल्या आईला मी शेवटी एवढंच म्हटलं, की निर्णय आज घेऊ नका. मुलीबरोबर एक दिवस कॉलेजात या, पलंगाच्या वर्गाला बसा, किचनमध्ये उभ्या राहा, आणि मग ठरवा. तुमच्या कुणाच्याही घरात हा विषय निघाला असेल तर तुम्हालाही तेच सांगेन. वडिलांनीही यावं. कामाचा खाडा होतो, मला माहीत आहे, म्हणून शनिवारी दुपारनंतरची वेळ मागून घ्या. बहुतेक कॉलेजं देतात. प्रवेश झाला तर पहिले सहा महिने घरी दोन गोष्टी सांभाळा. पोरगं रात्री उशिरा आलं तर सकाळी सातला पाण्याच्या वेळेला त्याला उठवू नका, पाणी भरायचं काम तेवढे महिने धाकट्याकडे द्या. आणि काळे बूट चांगले घ्या, मऊ तळाचे, अर्धा नंबर मोठे. दिवसभर उभं राहायचं असतं. पोरं स्वस्त बूट घालतात आणि दुसऱ्या महिन्यात पाय दुखले म्हणून कोर्स सोडायला निघतात.